चांगले चार दात काढायचे का? आधी जागेचा हिशेब मांडा

पत्र : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत. वरचे दात पुढे आलेत, खालचे एकमेकांवर चढलेत. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागतो. आमच्याकडच्या डेंटिस्टच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा बाहेरगावचे ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) येतात. त्यांनी एक्स-रे आणि मापं घेतली आणि सांगितलं, की चार दात काढून तार लावू, दोन वर्षं लागतील. कागदावर ‘ओव्हरजेट ७ मिमी, वर गर्दी ५ मिमी’ असं लिहिलंय. दात किडलेले नाहीत, मग काढायचे कशाला? सासूबाई म्हणतात, वरचे दात काढले की नजर कमी होते. धातूची तार ४५ हजार, दाताच्या रंगाची ६० हजार, अलाइनर (काढघाल करायचं पारदर्शक कवच) दीड लाख सांगितलेत. माझ्या भाच्याने तार काढून तीन वर्षं झाली आणि त्याचे दात परत पुढे आलेत, त्यामुळे मन धजत नाही. मुलगी शाळेच्या कबड्डी संघात आहे, आणि पुढे दहावी आहेच. — एक आई, कराड

उत्तर :

ताई, नमस्कार.

पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण गाठ एकाच ठिकाणी बसलीय : धडधाकट दात काढायचा कसा? ती सुटली की बाकीचे प्रश्न सोपे आहेत. म्हणून आधी तुमच्याच कागदावरचे आकडे घेऊ.

ओव्हरजेट म्हणजे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत, ते आडवं अंतर. ते २ ते ३ मिमी असलं की ठीक. लेकीचं ७ आहे, म्हणजे वरचे दात साधारण ४ मिमी मागे न्यायचेत. ‘गर्दी ५ मिमी’ म्हणजे वरच्या कमानीत सगळे दात ओळीत बसायला जेवढी जागा लागते, त्यापेक्षा ५ मिमी कमी आहे. आता, समोरचे दात १ मिमी मागे न्यायचे तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना १-१ मिमी, एकूण २ मिमी जागा लागते. म्हणजे ४ मिमीला ८. त्यात गर्दीचे ५ मिळवले की १३. मधल्या रेषेपासून मागे मोजत गेलं की चौथा दात येतो, ती पहिली उपदाढ. तिची रुंदी साधारण ७ मिमी. दोन बाजूंच्या दोन उपदाढा काढल्या की १४ मिमी मिळतात. लागणार १३, मिळणार १४.

तो उरलेला १ मिमीही हातात राहत नाही. पुढचे दात मागे ओढायचे तर ओढायला आधार मागच्या दाढांचाच असतो, आणि दोर ओढताना आपणही थोडे पुढे सरकतो तशा त्या दाढा पुढे सरकतात. त्या जास्त सरकल्या तर जागा मागून भरते आणि पुढचे दात अर्ध्यावर थांबतात. दात काढूनही ‘फरक पडला नाही’ असं म्हणायची वेळ येते ती बहुतेक इथेच. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा : दाढा जागेवर धरून ठेवायला काय वापरणार? टाळूवरून जाणारी आडवी पट्टी, दोन दाढा एकत्र बांधणं किंवा हाडात बसवायचे बारीक मिनी स्क्रू यांपैकी काहीतरी उत्तरात यायला हवं. हा स्क्रू साधारण दीड मिमी जाड आणि ६ ते १० मिमी लांब असतो. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन बसवतात आणि काम झालं की फिरवून काढतात. नाव ऐकून दचकू नका. त्याचा त्रास उपदाढ काढण्यापेक्षा कमी असतो.

दुसरा प्रश्न : खालचे दोन का? कधी कधी फक्त वरचे दोन काढून भागतं. खाली गर्दी जास्त असेल, किंवा खालचे पुढचे दातही बाहेर कललेले असतील, तर तिथेही जागा लागते. शिवाय वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींत नीट बसलेल्या असतील तर दोन्हीकडे सारखं काढून ती बैठक राखतात. तुमच्या कागदावर खालचं माप लिहिलेलं दिसत नाही, ते मागून घ्या.

आता न काढता जागा मिळतच नाही का? मिळते, पण मोजकी. दोन दातांमधला कडेचा इनॅमल, म्हणजे दाताचा वरचा कठीण थर, बारीक पट्टीने घासून प्रत्येक फटीत सुमारे अर्धा मिमी मिळवता येतो. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूतला स्क्रू किल्लीने फिरवून तो रुंद करतात. एका पाव फेऱ्याला साधारण पाव मिमी मिळतो आणि हे वाढत्या वयातच सहज होतं. मिनी स्क्रूच्या आधाराने दाढा मागे नेता येतात, मात्र त्यांच्यामागे हाड शिल्लक हवं. गर्दी ३-४ मिमी असती आणि ओठ सहज मिटत असते, तर दात काढण्याआधी हे सगळे मार्ग तपासा असंच सांगितलं असतं. पण १३ मिमीचा खड्डा अशा चिल्लर मापांनी भरत नाही. भरायचाच म्हणून दात बाहेर कलवून ओळीत बसवले, तर ओळ सरळ दिसते आणि ओठ आणखी पुढे येतात. मुळं हाडाच्या कडेला जातात, काही वर्षांत हिरडी खाली उतरते. ‘आम्ही एकही दात काढत नाही’ ही जाहिरात वाचून दवाखाना निवडू नका.

एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या. दात पुढे आहेत, की खालचा जबडाच मागे आहे? समोरून दोन्ही सारखंच दिसतं, पण इलाज वेगळा. खालचा जबडा मागे असेल आणि वाढीचा जोर शिल्लक असेल, तर ट्विन ब्लॉकसारखं काढघाल करायचं उपकरण ९ ते १२ महिने वापरून ओव्हरजेट बराच कमी होतो आणि दात काढण्याचा हिशेबच बदलतो. मुलींच्या वाढीचा जोर साधारण ११-१२ च्या आसपास असतो आणि पाळी सुरू झाली की ओसरू लागतो. म्हणून डॉक्टर पाळीबद्दल विचारतील. संकोच न करता महिना-वर्ष सांगा, त्या उत्तरावर इलाज ठरतो. बाजूने काढलेल्या चेहऱ्याच्या एक्स-रेमध्ये, ज्याला लॅटरल सेफ म्हणतात, मानेच्या मणक्यांच्या आकारावरूनही वाढ किती उरलीय ते कळतं. हा एक्स-रे आणि सगळे दात एका फोटोत दाखवणारा ओपीजी, हे दोन्ही न पाहता कुणी दात काढायला सांगितलं तर थांबा. अजून न उगवलेला किंवा मुळात नसलेला दात ओपीजीतच दिसतो. एखादी दाढ खोल किडलेली असेल, तर चांगल्या उपदाढेऐवजी तिचाच बळी देता येईल का, हेही तिथेच ठरतं.

सासूबाईंची शंका गावोगावी ऐकू येते, तेव्हा तिला नीट उत्तर द्यायला हवं. दाताला संवेदना देणारी नस आणि डोळ्याने पाहण्याची नस या दोन वेगळ्या नसा आहेत आणि दोघी मेंदूतून वेगवेगळ्या निघतात. उपदाढ काढताना सुईने बधिर होते ती पहिली, तीही दोन-तीन तासांपुरती. हा समज टिकून राहिलाय त्याचं कारण बहुधा वय असावं. तार लागते १२-१५ व्या वर्षी आणि चष्म्याचा नंबर लागतो किंवा वाढतो तोही त्याच वर्षांत. सासूबाईंना बरोबर घेऊन जा आणि तार लावण्याआधी मुलीचे डोळे एकदा तपासून घ्या. पुढे नंबर वाढलाच तर दोष दातांवर जाणार नाही.

दात काढायचं ठरलं, तर ऑर्थोडॉन्टिस्टची लेखी चिठ्ठी हवी आणि तीत दातांचे क्रमांक हवेत. पहिल्या उपदाढांचे क्रमांक १४, २४, ३४, ४४ : पहिला आकडा तोंडाचा कोणता पाव भाग ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर सांगून जातात आणि काढतं दुसरंच कुणी, अशा व्यवस्थेत चौथ्याऐवजी पाचवा दात निघण्याची चूक होऊ शकते. सुई देण्याआधी आरशात मुलीसमोर बोट ठेवून ‘हाच ना?’ असं एकदा विचारा. यात डॉक्टरांचा अपमान नाही, चांगले डॉक्टर स्वतःच असं करतात. एका दिवशी एका बाजूचे वरचा-खालचा दोन आणि आठवड्याने दुसऱ्या बाजूचे दोन काढले, म्हणजे मधल्या काळात एका बाजूने जेवता येतं. काढल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. २४ तास चूळ जोरात भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, कारण जखमेत धरलेली रक्ताची गुठळी निघून आली तर हाड उघडं पडतं आणि कळा मारतात. पहिल्या दिवशी गार दूध, दहीभात, दुसऱ्या दिवशी गुरगुट्या भात. तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तोंडाला वास आला किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं.

कोणती तार?

तुमच्या मुलीसाठी साधी धातूची. हे मत पैसे वाचवायला दिलेलं नाही. धातूच्या ब्रॅकेटमधून, म्हणजे दातावर चिकटवायच्या खाचेच्या तुकड्यातून, तार घसरते चांगली आणि तुमच्याकडे दोन्ही बाजूंच्या ७-७ मिमी फटी घसरूनच बंद व्हायच्यात. सिरॅमिकचं, म्हणजे दाताच्या रंगाचं ब्रॅकेट जाड असतं, धक्क्याने तुकडा उडतो आणि इनॅमलपेक्षा कठीण असल्यामुळे खालच्या दातांना लावलं तर वरचे दात त्यावर घासून झिजू शकतात. ते फक्त वरच्या पुढच्या सहा दातांना लावता येतं. लेकीला फार लाज वाटत असेल तर तेवढंच करा. पांढऱ्या ब्रॅकेटवरचे पारदर्शक रबर मात्र आपल्या हळदीपुढे टिकत नाहीत. दोन वेळच्या वरण-भाताने पिवळे होतात आणि पुढच्या भेटीपर्यंत तसेच राहतात. राखाडी किंवा गडद निळे रबर मागून घ्या.

अलाइनर वाईट नाही. पण तो दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवा, प्रत्येक खाण्याला काढून, ब्रश करून पुन्हा घालायचा. शाळेची मधली सुट्टी आणि आठवीतली मुलगी यांत ते तास भरत नाहीत. शिवाय उपदाढेची पूर्ण फट बंद करताना मुळासकट सरळ सरकण्याऐवजी दात फटीत कलंडण्याकडे झुकतात. ते सावरायला फार अनुभवी हात लागतो. घरी ठसा घेऊन पोस्टाने अलाइनर मागवण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. त्यात हाड, मुळं, हिरड्या कुणी पाहिलेल्याच नसतात.

४५ हजारांत काय काय येतं ते लिहून घ्या : एक्स-रे, दात काढणं, मिनी स्क्रू, निघालेलं ब्रॅकेट पुन्हा बसवणं आणि शेवटचे रिटेनर, म्हणजे तार निघाल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणारी साधनं. बरेचदा रिटेनर बाहेर असतात आणि शेवटी दमलेलं घर नेमका तोच खर्च टाळतं. हप्ते ठरवताना कामाचा टप्पा आणि हप्ता बरोबर चालेल असं बघा. रक्कम आवाक्याबाहेर वाटत असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्याकडच्यांना बांबोळीचं दंत महाविद्यालय हे चांगले पर्याय आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी, वेळ जास्त. मात्र दर महिन्याची फेरी जमणार का ते आधी पाहा.

ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त याच विषयात एमडीएस केलेले. पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला हरकत नाही. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांबद्दल दोन गोष्टी जास्तीच्या विचारा. ते नसताना तार टोचली तर कोण बघणार? आणि त्यांनी येणं बंद केलं तर? एक्स-रे, फोटो, दातांचे साचे किंवा स्कॅन आणि उपचाराचा आराखडा यांची एक प्रत पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे ठेवा. ब्रॅकेटचा प्रकार आणि खाचेचं माप, ते बहुधा ०.०२२ किंवा ०.०१८ इंच असतं, त्यात लिहून घ्या. नवीन डॉक्टरांना त्यावरून काम पुढे नेता येतं, नाहीतर सगळी ब्रॅकेट काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते.

लावताना आणि नंतर

आधी दात साफ करून घ्या आणि कीड भरून घ्या. दाढेला कडं बसवायचं असेल तर त्याआधी काही दिवस दोन दाढांमध्ये छोटं निळं रबर अडकवतात. अन्न अडकल्यासारखं सतत वाटतं, ते टोकरून काढू नये. ब्रॅकेट चिकटवताना भूल लागत नाही. दात पॉलिश करून त्यावर फॉस्फरिक आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुऊन कोरडं करतात, मग चिकट सिमेंट आणि निळा प्रकाश. तास-दीड तास तोंड उघडं ठेवायचा कंटाळा, एवढाच त्रास. कृत्रिम दागिन्यांनी मुलीच्या कानाला खाज सुटत असेल, पुरळ येत असेल तर ते आधी सांगा. सुरुवातीच्या लवचीक तारेत निम्म्याच्या आसपास निकेल असतं.

दुखतं ते नंतर. चार-पाच तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आठवड्याच्या आत जातं. कारण असं : दात हाडात थेट रुतलेला नसतो, सुमारे पाव मिमी जाडीच्या पडद्यात झुलत असतो. तारेचा दाब आला की एका बाजूला हा पडदा चेपतो आणि तिथलं हाड विरघळू लागतं, मागच्या बाजूला नवं हाड भरतं. दात सरकतो तो असा, महिन्याला जेमतेम १ मिमी. म्हणूनच ७ मिमीची फट बंद व्हायला सहा-आठ महिने जातात आणि आधीचं ओळीत आणणं, नंतरची बारीक जुळवाजुळव धरून दोन वर्षं होतात. जोर वाढवला म्हणून ते लवकर होत नाही. अति दाबाने पडद्यातला रक्तपुरवठाच थांबतो, दात अडकून बसतो आणि मुळं झिजायची भीती वाढते. ‘सहा महिन्यांत दात सरळ’ म्हणणाऱ्यांना हे विचारा. दुखण्यावर मुलीच्या वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढी पॅरासिटामॉल पुरते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेऊ नयेत, कारण दात सरकायला लागणाऱ्या दाहालाच त्या आवरतात.

गालाला टोचणाऱ्या जागी मेण लावायचं. ती जागा आधी कोरडी करा, मटाराएवढी गोळी मळून दाबा. ओल्या ब्रॅकेटवर ते चिकटत नाही आणि मग लोक म्हणतात मेणाचा उपयोग नाही. तोंड आलं तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या.

खाण्यात नियम साधा : कडक, चिवट आणि चिकट नको. चिक्की, फुटाणे, चकली, तिळाचा कडक लाडू, ऊस, भाजलेलं कणीस, सुपारी, बर्फ, मटणाचं हाड हे दोन वर्षं बंद. पेरू, सफरचंद, गाजर बंद नाही, बारीक फोडी करून मागच्या दाढांनी खायचं. कणसाचे दाणे सोलून उकडून. भाकरी चालते, कडा काढून आमटीत कुस्करून. शेंगदाण्याचा कूट चालतो, अख्खे दाणे नाहीत. पेनचं टोपण चावायची सवय असेल तर तीच जास्त ब्रॅकेट पाडते.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचं ते साफसफाईचं, कारण तार काढल्यावर इथलं नुकसान भरून निघत नाही. ब्रॅकेटच्या भोवती हिरडीच्या बाजूला पिठासारखा थर साठतो. तो तसाच राहिला तर चार आठवड्यांतसुद्धा इनॅमलवर खडूसारखे पांढरे डाग दिसू लागतात. तार निघते तेव्हा दात सरळ असतात आणि प्रत्येकावर ब्रॅकेटच्या आकाराची पांढरी चौकट कायमची. हे टाळणं पूर्णपणे घरच्या हातात आहे. ब्रश मऊ. आधी तारेच्या वरच्या बाजूने हिरडीकडे तिरपा धरून, मग खालच्या बाजूने ब्रॅकेटकडे वर तिरपा, मग चावायची बाजू आणि शेवटी आतली. एकेका दातावर सात-आठ वेळा, एकूण चार-पाच मिनिटं. तारेखालून जायला बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश मिळतो, तो प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मधे फिरवायचा. पेस्ट फ्लोराइडची, १००० ते १४५० पीपीएम, पाकिटावर लिहिलेलं असतं. फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही. रात्री झोपण्याआधीचा ब्रश कधीही चुकवायचा नाही. शाळेत डब्यानंतर निदान पाण्याने जोरात चूळ. ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं तर ब्रश बंद करायचा नाही, तिथेच आणखी नीट करायचा. थर राहिला म्हणून हिरडी सुजलेली असते. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः तिचं तोंड उजेडात बघा, १३ व्या वर्षी तिने नको म्हटलं तरी.

मधे ब्रॅकेट निघालं तर ते तारेवर फिरत राहतं. दुखत नसलं तरी पुढच्या महिन्याची वाट पाहू नका, दवाखान्यात फोन करून विचारा. तो दात तेवढे दिवस तारेच्या ताब्याबाहेर असतो आणि महिना वाया जातो. मागच्या टोकाला तार गालात घुसत असेल तर स्वच्छ कापूस लावलेल्या काडीने ती दाताकडे वाकवा, नाहीतर मेण लावा. ब्रॅकेट गिळलं गेलं तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातं. पण ठसका लागून खोकला थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल, तर थेट रुग्णालयात. डोक्याचा-मानेचा एमआरआय काढायची वेळ आली तर तार आहे हे आधी सांगा, धातूमुळे चित्र पुसट येतं.

पुढे कधीतरी वरून खाली अडकवायचे छोटे रबर देतील. तिथपर्यंत काम डॉक्टरांचं असतं, तिथून पुढे मुलीचं. सांगितले असतील तेवढे तास, बहुधा दिवसरात्र, फक्त जेवण आणि ब्रश सोडून. रबराची ताकद काही तासांतच उतरते, म्हणून सांगितल्याप्रमाणे बदलायचे. काल घातले नाहीत म्हणून आज दोन-दोन घालायचे नाहीत, त्याने दाढेच्या मुळावर जोर येतो. दोन दिवस घातले आणि तीन दिवस नाही, असं केलं तर दात पुढे-मागे हलत राहतात, दुखतात आणि जागचे सरकत नाहीत.

कबड्डी सोडायची गरज नाही. तार असताना वापरायचा ऑर्थोडॉन्टिक माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर घालायचं मऊ कवच, घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा नेहमीचा नको, तो ब्रॅकेटवरच साच्यासारखा बसतो. पकडीत कोपर तोंडावर बसतं तेव्हा पुढे आलेला दात आधी मार खातो, त्यामुळे आज माउथगार्ड नसणं हीच जास्त काळजीची गोष्ट आहे. दहावीसाठी थांबू नका. आत्ता सुरू केलं तर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत अवघड भाग मागे पडलेला असेल. फक्त पेपरच्या आदल्या आठवड्यात तार बदलून घेऊ नका. परीक्षा म्हणून तीन-तीन महिने भेट टाळणं मात्र महागात पडतं, कारण फट ओढणाऱ्या रबरी साखळीचा जोर चार-सहा आठवड्यांत संपलेला असतो.

भाच्याचे दात परत का आले?

बहुधा रिटेनर घातला नसेल किंवा काही महिन्यांत सोडला असेल. तार निघते त्या दिवशी दात नव्या जागी असतात, पण हिरडीतले दोरे अजून जुन्या जागेच्या मापाने ताणलेले असतात. त्यांना नव्या जागी स्थिरावायला वर्षभरही लागतं. म्हणून तार काढायच्या दिवशीच, निदान त्याच आठवड्यात, रिटेनर मिळायला हवा. साधारणपणे पहिले सहा महिने दिवसरात्र, पुढे रोज रात्री, आणि वर्षानुवर्षं. तोंड मिटत नसलेल्या, गर्दी असलेल्या मुलीला ‘कधी बंद करू?’ याचं प्रामाणिक उत्तर ‘बंद करू नको’ असंच आहे. जीभ पुढे ढकलायची, तोंडाने श्वास घ्यायची सवय राहिली असेल तर तीही दात बाहेर आणते. मुलगी झोपेत तोंड उघडं ठेवत असेल, सतत नाक चोंदत असेल, तर आत्ताच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. भाच्याच्या दातांना अजूनही उपाय आहे, थोडे सरकले असतील तर पहिल्यापेक्षा कमी काळात काम होतं.

खालच्या पुढच्या सहा दातांना मागून बारीक तार चिकटवून घेतली तर उत्तम, ती दिसत नाही. पण तिच्याखाली दातकीट साठतं आणि एखाद्या दातावरून ती सुटली तर तो एकटाच हळूहळू वळतो. जिभेला खरखरीत लागलं की दोन-चार दिवसांत दाखवायचं. वरचा पारदर्शक रिटेनर गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा, गरम पाण्याने तो वाकडा होतो. हॉटेलात जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवला की तो ताटाबरोबर कचऱ्यात जातो. सगळ्यात जास्त रिटेनर असेच हरवतात. डबी दप्तरातच ठेवायला सांगा. हरवला तर त्याच आठवड्यात नवा करून घ्या, दुसऱ्या रिटेनरची किंमतही आजच विचारून ठेवा.